एकशे तीस जास्त

महिनाअखेरची रात्र. उज्ज्वला झोपलीय,
मेसच्या दोनशे पोळ्या
तिच्या खांद्यात अजून लाटल्या जातायत.
मी वही काढतो.

वही माझ्याच हातची,
आप्पा बळवंत चौकामागच्या प्रेसमध्ये
उरलेल्या लग्नपत्रिकांची शिवलेली.
माझ्या हिशेबाच्या पाठीवर
कुठे गणपती, कुठे अक्षता, कुठे 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'.
आता लोक पत्रिका फोनवरच धाडतात,
त्यामुळे ओव्हरटाइम बंद
आणि कागद भरपूर.

भाडं साडेसहा हजार. सिलिंडर. दूध.
लाइटबिल मागच्यापेक्षा अठ्ठावीस रुपये कमी
(एका टेबलफॅनवर महिना काढल्याचं फळ, कौतुक कुणी करायचं?).
पिग्मीचे रोज पन्नास.
साबळे पावती फाडतात, 'थेंबे थेंबे' एवढंच म्हणतात,
तळं आपलं आपण समजून घ्यायचं.
तूरडाळ अर्धा किलो, मसूर दीड. मार्चपासून हेच प्रमाण.
भाजी मंडईतली, रात्री साडेआठनंतरची,
मेथी तेव्हा थोडी मान टाकते
आणि भावही.

बेरीज केली. डबा सतरंजीवर ओतला.
मोजले.

एकशे तीस रुपये जास्त.

कमी पडले असते तर मला कळलं असतं काय करायचं.
'किरकोळ' नावाचा रकाना असतो,
त्यात आजवर किती काय बुडवलंय.
कमी पडण्याचं आमच्यात पिढीजात शिक्षण आहे.
पण जास्त?
माणूस घाबरतोच.
कुणाचं देणं राहिलं? किराणावाल्याने चुकून परत दिले?
उज्ज्वलाला हलवून विचारलं.
'असू दे की,' म्हणाली, कूस बदलली,
जणू घरात पैसे जास्त होणं ही नेहमीचीच गोष्ट.

पुन्हा मोजले. तेव्हा दिसल्या,
तेरा नोटा, सगळ्या दहाच्या,
चौपदरी घडी घातलेल्या,
बसच्या तिकिटाएवढ्या.

क्लासवरून परत यायचे दहा
मीच ठेवतो सकाळी श्रावस्तीच्या हातावर.

म्हणजे तेरा संध्याकाळी पोरगी
टिळक रस्त्यावरून पद्मावतीपर्यंत चालत आली.
सारसबागेच्या भेळेचा वास ओलांडून,
मित्रमंडळ चौकातला धूर ओलांडून,
पाठीवर भूमिती घेऊन.
आणि मोरीत पाय धूत म्हणायची,
'बसला फार गर्दी होती हो पप्पा.'
मी म्हणायचो, 'असणारच.'

डोळे भरून येण्याच्या बेतात होते,
तेवढ्यात वहीत चार ओळी वर
माझंच अक्षर दिसलं :
चप्पल, श्रावस्ती, नवा तळवा व शिलाई : १६०.

तीस रुपये तोटा.

हसलो. हळूच.
एका खोलीच्या घरात हसायलाही माप लागतं.
गणितात एक्क्याण्णव आहेत तिला,
पण नववीत घसारा शिकवत नाहीत.

आता सांगावं, तर तोटा सांगावा लागेल.
न सांगावं, तर दिवाळीआधी दुसरा तळवा.
ती तिकडे झोपलीय,
पायाचा अंगठा पांघरुणाबाहेर,
त्यावर चिकटपट्टी.
चिकटपट्टीचा खर्च वहीत नाही.
कुठून आणली कोण जाणे.

विद्यार्थ्यांचा बसपास निघतो म्हणतात.
उद्या जेवणाच्या सुट्टीत स्वारगेटला जाऊन विचारतो.
पास असला की चालून काही उरत नाही,
हे तिचं तिला कळेल
आणि ती माझ्यावर थोडी चिडेल.
चिडू दे.

वहीत 'जमा'खाली लिहिलं एकशे तीस.
'कुणाकडून' मोकळं सोडलं.
दिव्यापाशी पान धरलं
तर त्या मोकळ्या जागेत पलीकडून
कुणा अनोळखी वधूचं नाव
उलटं दिसत होतं.